विश्लेषण : छोट्या पीसीचे कॅबिनेट रुंद करता येते? वाढीव चौकटीचे गणित नेमके काय?

मोठ्या कंपन्यांची कार्यालये काही वर्षांनी आपले डेस्कटॉप बदलतात. त्यातले हातात मावतील एवढे छोटे पीसी दुरुस्त होऊन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून बाजारात येतात. कमी किंमत, कमी वीज आणि टेबलावर कमी जागा या तीन कारणांमुळे विद्यार्थी, छोटे क्लासेस, डीटीपी आणि फोटो स्टुडिओवाले त्यांना पसंती देतात. अडचण नंतर सुरू होते. ग्राफिक्स कार्ड बसवायचे म्हटले तर ते पाच मिलिमीटरने अडते. चांगला पंखा लावायचा तर झाकण बंद होत नाही. उन्हाळ्यात मशीन तापून मंदावते, ते वेगळेच.

प्रोसेसर चांगला असतो, रॅम पुरेशी असते, पण पेटी लहान पडते. अशा वेळी नवे कॅबिनेट किंवा नवा पीसी घेण्याआधी एक मधला मार्ग आहे. मूळ कॅबिनेट आणि त्याचे झाकण यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटरची वाढीव चौकट बसवायची. नांदेड-लातूरसारख्या शहरांत पत्रा वाकवणारे कारागीर जागोजागी असताना हे काम अशक्य नाही. मात्र ते अंदाजाने केले, तर पैसेही जातात आणि मशीनही. ही चौकट कशी आखतात, ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही, ते समजून घेऊ या.

छोटे म्हणजे किती छोटे?

बोलीभाषेत ज्या डब्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हटले जाते, तो खरे तर कॅबिनेट असतो. आत काय मावणार हे मदरबोर्डच्या मापावर ठरते. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मदरबोर्डचे माप ३०५ बाय २४४ मिमी आहे. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स हे माप आणले. ते फक्त १७० बाय १७० मिमी, म्हणजे जेमतेम वीतभर. आज घरी जुळवल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या पीसींत हेच माप असते.

कार्यालयांतून येणारे लेनोव्होचे ‘टायनी’, डेलचे ‘मायक्रो’ आणि एचपीचे ‘मिनी’ हे त्याहून लहान आहेत. सुमारे १८ सेंमी लांब, तेवढेच रुंद आणि साडेतीन सेंमी जाड. गुणाकार केला तर घनफळ एक लिटरच्या थोडे पुढे जाते. म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढ्या जागेत अख्खा संगणक. त्यात एक मिमीही रिकामा सोडलेला नसतो. म्हणूनच पुढे काही वाढवायचे म्हटले की सगळे अडते.

अडचण नेमकी कुठे येते?

साधारण तीन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे ग्राफिक्स कार्डची जाडी. संगणकाच्या मागच्या बाजूला कार्डांसाठी ज्या खाचा असतात, त्या दोन खाचांमधले अंतर २०.३२ मिमी असे ठरलेले आहे. त्यामुळे ‘दोन स्लॉट’ कार्डाला सुमारे ४१ मिमी आणि ‘तीन स्लॉट’ कार्डाला सुमारे ६१ मिमी जागा लागते. कार्डाची उंचीही पाहावी लागते. पूर्ण उंचीच्या कार्डाची मागची पट्टी १२० मिमी असते, तर ‘लो प्रोफाइल’ कार्डाची सुमारे ७९ मिमी.

दुसरे ठिकाण म्हणजे प्रोसेसरवरचा हीटसिंक आणि त्याचा पंखा. छोट्या कॅबिनेटसाठीचा नॉक्टुआचा एनएच-एल९आय हा हीटसिंक पंख्यासह ३७ मिमी उंच आहे. त्याच कंपनीचा एनएच-एल१२एस ७० मिमी उंच आहे. दुसरा जास्त उष्णता काढतो आणि आवाजही कमी करतो. पण त्यासाठी ३३ मिमी जास्तीची जागा हवी.

तिसरे ठिकाण म्हणजे कॅबिनेटचे पंखे. नेहमीचा पंखा २५ मिमी जाड असतो आणि ‘स्लिम’ पंखा १५ मिमी. अनेक छोट्या कॅबिनेटमध्ये स्लिम पंख्यालाही जागा नसते.

या तिन्ही अडचणींत एक गोष्ट समान आहे. हवी असलेली जागा सगळीकडून नको असते, ती एकाच बाजूला हवी असते. वाढीव चौकटीची कल्पना याच गोष्टीवर उभी आहे.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. आयबीएमने नोव्हेंबर १९८३ मध्ये ‘पीसीज्युनिअर’ हा घरगुती संगणक जाहीर केला. त्यात काही वाढवायचे असेल, तर उजव्या बाजूला ‘साइडकार’ नावाचा खण जोडावा लागे. प्रत्येक खणागणिक संगणक रुंद होत जाई. खण वाढले, की वीज कमी पडे आणि त्यासाठी विजेचा आणखी एक खण जोडावा लागे. मार्च १९८५ मध्ये हा संगणक बंद झाला. पण त्याने शिकवलेला धडा आजही लागू आहे : जागा वाढवली म्हणजे वीज वाढत नाही.

ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीने १९९४ मध्ये ‘रिस्क पीसी’ आणला. त्याचे कॅबिनेट ॲलन बूथरॉइड यांनी आखले होते. एकावर एक थर चढवत संगणक उंच करता येईल, अशी ती रचना होती. नवे कार्ड हवे, तर एक थर वाढवायचा. झाकण तेच.

अलीकडच्या काळात इंटेलच्या ‘नक’ या छोट्या पीसीने हाच हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. ‘एनयूसी८आय५बीईके’ हे मॉडेल ३६ मिमी उंच आहे आणि ‘एनयूसी८आय५बीईएच’ ५१ मिमी. लांबी-रुंदी तीच, मदरबोर्ड तोच. वाढलेल्या १५ मिमीमध्ये अडीच इंची हार्ड डिस्क किंवा एसएसडी बसते. स्वीडनच्या ल्यूके कंपनीच्या ‘घोस्ट एस१’ या सुमारे ८ लिटरच्या कॅबिनेटला तर ‘टॉपहॅट’ नावाचे वेगवेगळ्या उंचीचे टोप मिळत. पंखा लावायचा असेल तर छोटा टोप, पाण्याने थंड करणारा रेडिएटर लावायचा असेल तर मोठा.

‘फ्रॅक्टल टेरा’ या २०२३ मधील कॅबिनेटने तिसरा मार्ग घेतला. त्यात मधला कणा सरकवता येतो. कार्डाला जागा जास्त दिली, की हीटसिंकची कमी होते. एकूण रुंदी तेवढीच राहते. वाढीव चौकटीत तसे होत नाही, तिथे एकूण रुंदीच वाढते.

नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात काय फरक पडतो?

पेटीतल्या हवेचा प्रश्न मराठवाड्यात अधिक तीव्र का होतो, याचे गणित सोपे आहे. प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. काम, पंख्याचा वेग आणि बाकी सगळे सारखे राहिले, तर खोलीचे तापमान जेवढे वाढते, साधारण तेवढेच प्रोसेसरचेही वाढते.

समजा, २५ अंशांच्या वातानुकूलित कार्यालयात एखादा प्रोसेसर पूर्ण भाराखाली ८० अंशांपर्यंत जातो. तोच पीसी एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांच्या खोलीत ठेवला, तर हिशेबाने तो ९७ अंशांना टेकतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, अनेक रायझन प्रोसेसरची ९५. त्या मर्यादेजवळ पोहोचला, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. यालाच ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. मशीन बिघडलेले नसते, पण व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला लागणारा वेळ वाढतो आणि ऑनलाइन वर्ग अडखळतो.

म्हणजे जे कॅबिनेट थंड हवेच्या कार्यालयासाठी आखले होते, ते पत्र्याच्या छताखालच्या खोलीत कमी पडणारच. दुसरा शत्रू धूळ. उन्हाळ्यात सुकलेल्या काळ्या मातीची बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसते आणि हवेची वाट बंद करते.

काहीजण उपाय म्हणून पीसी कुलरच्या थेट झोतात ठेवतात. तसे करू नये. पाण्याच्या कुलरची हवा दमट असते, त्यात कधी बारीक तुषारही असतात. धूळ आणि ओल एकत्र आली, की मदरबोर्डवर थर जमतो.

चौकट करण्याआधी कोणती चाचणी घ्यावी?

खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी घेता येते. सगळ्यात आधी पीसी बंद करून, प्लग काढून आतली धूळ साफ करावी. जुना पीसी असेल, तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. मग झाकण लावून अर्धा तास जड काम द्यावे आणि तापमान दाखवणाऱ्या एखाद्या मोफत सॉफ्टवेअरवर आकडा नोंदवावा. त्यानंतर झाकण काढून, खोलीचे तापमान तेच असताना, तेच काम पुन्हा द्यावे. या वेळी आत हात घालायचा नाही, आणि आजूबाजूला लहान मुले नकोत.

झाकण काढल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर अडचण हवेच्या जागेची आहे. चौकट उपयोगी पडेल. दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर हीटसिंकच कमी पडतो आहे. त्याच हीटसिंकवर चौकट बसवून काही साधणार नाही. चौकट करायचीच, तर मोठा हीटसिंक बसवण्यासाठी करावी. क्वचित झाकण काढल्यावर तापमान वाढतेही. कारण काही छोट्या पीसींत झाकणच हवेला दिशा देते. तिथे नुसती रुंदी वाढवली, तर नुकसान होईल.

मोजमाप कसे घ्यावे?

यासाठी व्हर्नियर कॅलिपर हवा. शालेय पट्टीचे हे काम नाही. झाकणाची लांबी-रुंदी, पत्र्याची जाडी, कडेची घडी, खिट्ट्यांची जागा आणि स्क्रूच्या छिद्रांमधले अंतर ही मापे प्रत्येकी तीन ठिकाणी घ्यावीत. जुने कॅबिनेट थोडे वाकलेले असू शकते आणि दोन टोकांच्या मापांत अर्ध्या मिमीचा फरक निघू शकतो.

स्क्रूही पाहून घ्यावेत. संगणकात मुख्यतः दोन प्रकारचे स्क्रू वापरतात : मेट्रिक एम३ आणि थोडा जाड ६-३२. एकाच्या जागी दुसरा जोर लावून फिरवला, की आटे जातात.

त्यानंतर येतो पुठ्ठा. बुटाच्या खोक्याचा किंवा कुरिअरच्या डब्याचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टीने चौकट बनवून ती कॅबिनेटवर ठेवून पाहावी. केबल कुठे अडते, मागचा यूएसबी पोर्ट झाकला जातो का, उभा पीसी एका बाजूला कलतो का, हे सगळे पुठ्ठा लगेच सांगतो. पत्रा कापल्यावर तेच कळले, तर पत्रा वाया जातो.

चौकट आखतात कशी?

जेवणाचा तीन-चार कप्प्यांचा डबा डोळ्यासमोर आणावा. त्याचा प्रत्येक कप्पा खालच्या कप्प्यावर झाकणासारखा बसतो आणि वरच्या कप्प्याला तळासारखा आधार देतो. वाढीव चौकटीचे तत्त्व नेमके हेच आहे. तिची आतली बाजू मूळ झाकणाची नक्कल असते, ती कॅबिनेटवर बसते. बाहेरची बाजू कॅबिनेटच्या कडेची नक्कल असते, तिच्यावर मूळ झाकण बसते. त्यामुळे कॅबिनेटला नवे छिद्र पाडावे लागत नाही आणि मनात आले तर पीसी पुन्हा मूळ रूपात आणता येतो.

झाकण कसे उघडते, यावर पुढचे ठरते. काही झाकणे खिट्ट्यांवर दाबून बसतात, काही मागून स्क्रू काढून सरकवावी लागतात. सरकणाऱ्या झाकणासाठी चौकटीला तशीच खाच द्यावी लागते आणि ते काम थोडे कठीण आहे.

आता एक उदाहरण पाहू. एका कॅबिनेटची बाजू ३०० बाय २०० मिमी आहे. हीटसिंकसाठी आत ४७ मिमी जागा आहे. बसवायचा आहे ७० मिमीचा हीटसिंक. म्हणजे २३ मिमी कमी पडतात. पण चौकट २३ मिमीची केली, तर हीटसिंक झाकणाला चिकटेल आणि हवा आत यायला वाव राहणार नाही. त्यासाठी आणखी ८ ते १० मिमी सोडावे लागतात. चौकट झाली ३३ मिमीची. तिने वाढणारे घनफळ सुमारे दोन लिटर.

दुसरे उदाहरण ग्राफिक्स कार्डाचे. जागा ४२ मिमी आहे आणि कार्ड ५० मिमी जाड. कमतरता ८ मिमीची, हवेसाठी आणखी ८ ते १० मिमी, म्हणजे १६ ते १८ मिमीची चौकट. इथे एक गोष्ट पथ्यावर पडते. ५० मिमी जाडीच्या अनेक कार्डांची मागची पट्टी दोन स्लॉटचीच असते, जाड असतो तो फक्त पंख्याकडचा भाग. त्यामुळे कॅबिनेटचा मागचा पत्रा कापावा लागत नाही. पट्टीच तीन स्लॉटची असेल, तर मात्र मागची बाजूही वाढवावी लागते आणि काम दुप्पट होते.

चौकट कोणत्या बाजूला बसवायची, हा निर्णयही आधी घ्यावा. अनेक छोट्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून उभे असतात. हीटसिंकचे तोंड एका झाकणाकडे आणि कार्डाचे पंखे दुसऱ्या झाकणाकडे. चुकीच्या बाजूला वाढवलेल्या ३३ मिमीचा काडीचाही उपयोग नाही.

पत्रा बरा की थ्रीडी प्रिंट?

दोन्हींचे फायदे-तोटे आहेत. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत कुलर, कपाटे, धान्याच्या कोठ्या, डाळ मिलचे हॉपर बनवणाऱ्या कारागिरांचा हात पत्र्यावर बसलेला आहे. आयटीआयमध्ये ‘शीट मेटल वर्कर’ हा स्वतंत्र अभ्यासक्रमही असतो. कॅबिनेटच्या चौकटीसाठी २० गेजचा पत्रा, म्हणजे सुमारे ०.९ मिमी जाडीचा, पुरेसा होतो. वरच्या उदाहरणातल्या चौकटीचा घेर ३०० आणि २०० ची दुप्पट, म्हणजे १,००० मिमी. मीटरभर लांबीची पट्टी आणि कडांच्या घड्या, एवढाच माल.

फरक आहे तो अचूकतेचा. कुलरमध्ये दोन मिमी इकडे-तिकडे झाले तरी चालते. इथे अर्धा मिमीही जास्त होतो. पत्रा वाकवताना बाकापाशी ताणला जातो. एक मिमी पत्र्याच्या प्रत्येक काटकोनी बाकामागे सपाट मापातून सुमारे दीड ते दोन मिमी वजा करावे लागतात. ते विसरले, की चार बाकांची चौकट सहा-आठ मिमीने मोठी होते. छिद्रेही बाकाच्या अगदी जवळ नकोत, वाकवताना ती लांबट होतात. लेझर कटिंगसाठी संगणकावर आखलेली फाइल दिली, तर छिद्रांची चूक टळते. ‘फ्रीकॅड’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे आरेखन करता येते. अभियांत्रिकीच्या किंवा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याला ते अवघड नाही.

थ्रीडी प्रिंटमध्ये खिट्ट्या, खाचा, गोल कडा असे बारीक काम सहज होते. पण प्रिंटरचा पाट लहान असतो. लोकप्रिय घरगुती प्रिंटरांत तो २२० किंवा २५६ मिमीचा आहे. ३०० मिमीची बाजू दोन तुकड्यांत छापून एकमेकांत गुंतवावी लागते. एकमेकांत बसणाऱ्या भागांत ०.२ ते ०.४ मिमीची सैल जागा ठेवावी लागते, नाहीतर ते बसतच नाहीत.

मटेरियल निवडताना मराठवाड्याचे ऊन विसरून चालत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सोपे प्लास्टिक पीएलए हे ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. ग्राफिक्स कार्डातून निघणारी गरम हवा त्याच्या जवळपास पोहोचू शकते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर पीएलएचा भाग काही तासांत वाकतो. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत टिकते, एबीएस आणि एएसए १०० च्या आसपास. त्यामुळे इथे किमान पीईटीजी वापरणे शहाणपणाचे.

दोन्हींचा मेळ घालणे हा सर्वांत चांगला मार्ग. सरळ बाजू पत्र्याच्या आणि कोपरे व खिट्ट्या प्रिंट केलेल्या. अशी यंत्रे एकाच छताखाली वापरू देणाऱ्या ‘फॅब लॅब’ची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उभारलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्येच अमेरिकेतील एमआयटीच्या साथीने अशी प्रयोगशाळा सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

हवेची वाट कशी ठेवावी?

जागा वाढवली, की तापमान आपोआप उतरते, हा सर्वांत मोठा गैरसमज. रिकाम्या जागेत गरम हवा घुटमळत राहिली, तर पंखा तीच हवा पुन्हा ओढतो. त्यामुळे चौकट करताना हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार, हे कागदावर बाणांनी काढून पाहावे.

झाकणाला जाळी असेल आणि हीटसिंक त्याच्यापासून लांब गेला असेल, तर जाळीपासून पंख्यापर्यंत फोमची किंवा प्लास्टिकची एक छोटी नळकांडी करावी. मग पंखा बाहेरचीच हवा ओढतो. चौकटीच्या वरच्या कडेला छिद्रे ठेवली, तर गरम हवा वर निघून जाते. पंखा बसवायचा असल्यास त्याच्या स्क्रूंचे अंतर ठरलेले असते : १२० मिमी पंख्याला १०५ मिमी आणि ९२ मिमी पंख्याला ८२.५ मिमी.

धुळीसाठी आत हवा घेणाऱ्या बाजूला बारीक नायलॉनची जाळी लावावी आणि ती सहज निघेल अशी ठेवावी. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला ती धुवावी लागेल. स्क्रू काढल्याशिवाय न निघणारी जाळी कुणी धूत नाही.

वीज आणि अर्थिंगचे काय?

पीसीज्युनिअरचा धडा इथे लागू होतो. एक लिटरचे छोटे पीसी ६५, ९० किंवा १३५ वॉटच्या बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालतात. ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटमधून नियमानुसार ७५ वॉटपर्यंत वीज घेता येते. ६५ वॉटच्या ॲडॅप्टरवर ७० वॉटचे कार्ड चालणार नाही, मग चौकट कितीही रुंद असो. कार्ड, प्रोसेसर आणि डिस्क यांची बेरीज करून, त्यावर थोडी शिल्लक ठेवूनच खरेदी करावी. त्या मॉडेलला मोठा ॲडॅप्टर चालतो का, हेही आधी पाहावे. कार्ड वळवून बसवण्यासाठी रायझर केबल वापरली आणि चित्र लुकलुकू लागले, तर बायोसमध्ये पीसीआयईचा वेग चौथ्या पिढीवरून तिसऱ्यावर आणून पाहावा.

सुरक्षेचे काही नियम मात्र मोडू नयेत :

- कॅबिनेट कापायचे किंवा त्याला छिद्र पाडायचे असेल, तर आधी मदरबोर्डसह सगळे बाहेर काढावे. धातूचा एक कीस शॉर्टसर्किटला पुरेसा असतो.

- पॉवर सप्लायचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर काही काळ विजेने भरलेले राहतात.

- आतमध्ये एसएमपीएस असलेल्या कॅबिनेटला पत्र्याची चौकट लावल्यास ती मूळ धातूला विजेच्या दृष्टीने जोडलेली हवी. पावडर कोटिंग वीज अडवते, म्हणून स्क्रूखालचा रंग खरवडावा.

- तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

- पत्र्याच्या कडा घासून गोल कराव्यात. धारदार कडेवर घासलेली केबल कधीतरी तुटतेच.

- वॉरंटी शिल्लक असेल, तर तिच्या अटी आधी वाचाव्यात.

हा खटाटोप कधी करू नये?

तीन प्रसंगी. एक, प्रोसेसरच जुना पडला असेल आणि हवे ते सॉफ्टवेअर त्यावर चालत नसेल. दोन, लागणारी वीज ॲडॅप्टर किंवा एसएमपीएस देऊ शकत नसेल. तीन, चौकट, हीटसिंक, रायझर यांची बेरीज साध्या मोठ्या कॅबिनेटपेक्षा जास्त होत असेल आणि मदरबोर्ड प्रमाणित मापाचा असेल. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड कोणत्याही मोठ्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसतो, त्यामुळे तिथे कॅबिनेट बदलणेच सोपे.

एक लिटरच्या पीसींना मात्र हा पर्याय नाही. त्यांचे मदरबोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात आणि दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसत नाहीत. वाढीव चौकटीचा खरा उपयोग तिथेच आहे. १ एप्रिल २०२३ पासून देशात नवे ई-कचरा नियम लागू आहेत. त्यांनी जुन्या उपकरणांच्या पुनर्वापर प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण चालू असलेले मशीन भंगारात जाऊ न देणे हा त्याच्याही आधीचा टप्पा आहे, आणि तो वापरणाऱ्याच्याच हातात असतो.

सुरुवात करायची असेल, तर क्रम लक्षात ठेवावा : साफसफाई, झाकण काढून चाचणी, विजेची बेरीज, व्हर्नियरने मोजमाप, पुठ्ठ्याचा नमुना आणि सगळ्यात शेवटी पत्रा. पहिल्या तीन पायऱ्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. चौकट हवी की नको, याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळते.